पाक सुकार्डींच्या खुर्चीमागची पेटी

लास्मिनीची वेल्डिंगची पट्टी परीक्षेत दुसऱ्या खेपेलाही वाकवताना तडकली, तेव्हा सासूने टेंपेच्या सोयाबीन-वड्या तळता तळता एवढंच विचारलं, "मग, उद्यापासून माझ्या टेंपेच्या गाडीवर उभी राहतेस ना?" सुराबायाच्या गोदीत परीक्षा पास झालेल्यालाच घ्यायचे. आता शेवटची खेप उरली होती. ती गेली की जन्मभर आहेच कढई.

बरं, हात वाईट म्हणावा तर तसंही नाही. शिकवणारे पाक सुकार्डी, 'पाक' म्हणजे बाप, आणि होतेही सगळ्यांना बापाच्या जागी, स्वतः म्हणायचे, "हात छान बसलाय तुझा. समजलं ना सगळं?" आणि ही मान खाली घालून, "इंग्गिह, पाक." होय जी! समजो न समजो, इंग्गिह. जावातल्या माणसाची जीभच तशी वळलेली, त्याला कोण काय करणार?

प्रशिक्षण केंद्राने त्या वर्षी प्रत्येकाच्या फोनवर एक एआय मदतनीस दिला होता. जेवणाच्या सुट्टीत लास्मिनीने वैतागून त्याला लिहिलं, "पट्टी तडकते. माझ्या नशिबातच नाही."

"नशिबाचं नंतर बघू. तुमचे वेल्डिंगचे रॉड हवेतली ओल धरत असतील, तर जोड आतून चिरतो. समजलं?"

"इंग्गिह."

"खरंच समजलं, की मान राखायला म्हणालात?"

बाई गं! तिच्या अंगावर काटाच आला. सख्ख्या आईनेही तिला हे कधी विचारलं नव्हतं.

"मान राखायला," तिने लिहिलं.

"हरकत नाही, पुन्हा सांगतो. रॉड कोरडे ठेवणाऱ्या गरम पेटीतून काढलेले रॉड बाहेर किती वेळ असतात?"

"दुपारपर्यंत. सकाळीच सगळे काढून घेते."

"लागतील तसे का नाही काढत?"

आता हे काय विचारणं झालं! "पेटी पाकांच्या खुर्चीमागे आहे. वडीलधाऱ्या माणसासमोरून सारखं सारखं, वाकून का होईना, कसं जायचं?"

"घोडं तिथेच अडलं असावं. पण पट्टी मी पाहिलेली नाही. पाकांना दाखवा, त्यांना विचारा."

लास्मिनी फोनकडे बघतच राहिली. हाताची, आगीची, लोखंडाची चौकशी सगळ्यांनी केली होती. तिच्या अदबीची कुणीच नाही. केवढं हे नवल! कुठून सुचत असेल त्याला?

तडकलेली पट्टी घेऊन ती पाकांपुढे उभी राहिली.

"पाक, मला समजलं नव्हतं. मी इंग्गिह म्हणाले, पण समजलं नव्हतं."

पाकांनी पट्टी उजेडात धरली. "ओलच आहे ही. अगं, पण रॉड बाहेर ठेवलेसच का?"

"तुमची खुर्ची..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

पाकांनी मागे वळून पेटीकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. "इतकी वर्षं बसतोय मी इथे," ते हळूच म्हणाले. "किती पोरांच्या पट्ट्या तडकल्या असतील गं?"

परीक्षेच्या दिवशी लास्मिनी सवयीने वाकूनच आत शिरली. पेटीसमोरची खुर्ची रिकामी होती. ती एकेक रॉड काढायला जात-येत राहिली, आणि तिच्या मागोमाग बाकीचेही.

परीक्षकाने पट्टी यंत्रात घातली. पट्टी पार वाकली, पण कुठे चीर नाही. लास्मिनीने रडतच दाराकडे पाहिलं. पाक सुकार्डी तिथे होते, सकाळपासून उभेच.