वाण म्हणून लुटलेली गाळणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानाही हा विषय मी टाळते – त्याला माहीतच असेल, असं म्हणून पुढे जाते. मग तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. पण आता थांबले तर पुन्हा तोंड उघडणार नाही, एवढं ठाऊक आहे.

गोष्ट एका चहाच्या गाळणीची आहे. हसलात ना? मीही हसले होते. माझी धाकटी जाऊ सुनंदा बावड्याला असते, डाळिंबाची बाग बघते, आम्ही बारामतीत. चहा गाळून गाळणी उचलली की ओट्यावर थेंब पडतात. सगळ्यांच्याच घरी पडतात, आणि आपण फडकं फिरवून मोकळ्या होतो. सुनंदा मोकळी झाली नाही. तिने गाळणीला एक लहानशी वाटी अशी बसवली, की दांडा उचलला की वाटी आपोआप सरकून जाळीखाली येते. एक थेंब सांडत नाही. पत्रा काप, तार वाकव, मोड, परत कर – महिनोन्‌महिने तिचं हेच चाललेलं. जमली तेव्हा तिने लोणी देवकरच्या मारुतीकडून साचा करून घेतला. त्याची तिथे प्लॅस्टिक मोल्डिंगची लहानशी शेड होती. पहिला माल त्यानेच काढून दिला.

तिला पेटंट घ्यायचं होतं. म्हणजे ही युक्ती सुनंदाची, असं सरकारदरबारी लागलं असतं, आणि कुठल्या कंपनीला ती उचलता आली नसती. त्या मालातली एक पिशवी तिने माझ्याकडे ठेवली. "अक्का, वापरून बघा, काय खोट निघती ती सांगा. पण अर्ज होईस्तवर कुणाला दावू नका हां."

मी हां म्हणाले.

मग संक्रांत आली. आणि इथून पुढे – जरा थांबते हं.

आदल्या वर्षी हळदीकुंकवाला मी प्लॅस्टिकचे डबे वाटले होते. झाकणं नीट बसत नव्हती. गल्लीतल्या बायका तोंडावर गोड बोलल्या आणि पाठ फिरल्यावर हसल्या. एवढ्यावरून? हो, एवढ्यावरून. नाक खाली गेलेलं मला सोसत नाही, स्वभावच तसला. आपल्याकडे वाण 'देत' नाहीत, 'लुटतात'. मी लुटलं. दुसऱ्याचं लुटलं. आलेल्या बाईला हळदीकुंकू, हातावर तिळगूळ आणि वर एक गाळणी. काय कौतुक झालं म्हणून सांगू! कुठून आणली, कुठं मिळते? मी नुसती हसत राहिले. जावेने केलीय, एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.

पिशवीच्या तळाशी उरलेल्या तीन-चार मी ओट्यावर मांडून ठेवल्या, विचारलंच तर दाखवायला. सुनंदाने विचारलंच नाही.

पुढे ती मला सोबत म्हणून पुण्याला वकिलाकडे घेऊन गेली. भला माणूस. त्याने समजावून सांगितलं – वस्तू नवी हवी. अर्जाआधी लोकांत गेली तर ती नवी राहत नाही. कुणी तुम्हाला न विचारता बाहेर दिली असली तरी आत्ताच सांगा, लगेच सांगितलं तर काहीतरी मार्ग काढता येतो. नंतर निघालं तर कठीण. "न्हाय, कुणाला दिली न्हाय," सुनंदा म्हणाली आणि तिने माझ्याकडे बघितलं. एक वाक्य – एकच वाक्य लागत होतं. काय झालं असतं? सुनंदा चिडली असती, रडली असती, चार दिवस बोलली नसती. मी मान हलवली. नाही म्हणून.

तुम्हाला वाटेल, हीच माझी चूक. ती इथेच संपली असती तर मी आज बोलायला बसले नसते.

अर्ज झाला, आणि पुढे बाजारात एका कंपनीची तशीच गाळणी आली. आणि सुनंदाच्या अर्जावर त्याच कंपनीने हरकत घेतली. सोबत एक फोटो जोडला होता. बारामतीतल्या एका बाईने फेसबुकवर टाकलेला, 'यंदाचं वाण' असं लिहून. करंडे, वाट्या, कंगवे, आणि मधोमध सुनंदाची गाळणी. तारीख अर्जाच्या आधीची. कुणी दिली, ते त्यात नव्हतं.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. ती बाई माझ्या मागच्या गल्लीतली. सुनंदाच्या आधी मीच बोलले – ओळखीतली आहे, मी विचारते. विचारलं कुठलं! दोन दिवस घरात बसून राहिले आणि सुनंदाला फोन करून सांगितलं, की मारुतीच्या बायकोने दिली म्हणे.

मारुतीच्या बायकोचं, शालनचं, माहेर बारामतीतलं. संक्रांतीला ती तिथेच असते. खोटं कसं चपखल बसलं बघा. मला ते सुचलं कसं, याची मला आजही भीती वाटते.

सुनंदा मला घेऊनच लोणी देवकरला गेली. मारुतीने मशीन बंद केलं. शालनला बोलावलं. तिला आधी काही उमगेचना. मग ती माझ्याकडे वळली. "मी त्या बाईला वळखत बी न्हाय वो. अक्का, तुमी तिला हितं आणा, माझ्या तोंडावर बोलू द्या." तिघंही माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "ती बाई खोटं कशाला बोलेल?"

सुनंदाने साचा उचलून नेला. पेटंट गेलंच. आणि गिऱ्हाइकाचा माल बाहेर देणारा म्हणून मारुतीचं नाव झालं. शेजारच्या शेडवाल्यांनीच केलं. कामं आटली, शेड गेली. आता तो तिथेच दुसऱ्याच्या कारखान्यात मशीनवर उभा असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी दिली. मला भीती वाटते, लाज वाटते, आणि तरी जेवण जातं, झोप लागते.

परवा मंडईत शालन भेटली. मी वळून जाणार होते, पण तिने हाक मारली. वाळलीय. भाजीची पिशवी खाली ठेवून तिने माझा हात धरला.

"अक्का, एक इचारू? रिजेक मालातली एखादी माझ्याच हातनं कुणाला गेली आसंल का वो? लई आठवून बघते, आठवंना. ह्यांची शेड माझ्यापायीच गेली आसंल का?"

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती खरंच विचारत होती. मंडईत आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं, घाई नव्हती, मला कुणी अडवलं नव्हतं.

मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "गेली असेल."