अंबादासचा लॉगिन

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, असं मी चारचौघांत ठासून सांगत असे. पण अंबादास रामटेके जाऊन नऊ महिने झाले, तरी दुपारी बरोबर एक वाजता आमच्या ऑफिसातल्या आठही स्क्रीनवर त्याचं नाव यायचं, आणि खाली इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ: ‘एक वाजला. डबा उघडा.’ मी डबा उघडायची, पण स्क्रीनकडे पाठ करून.

अंबादास जबलपूरच्या आमच्या सरकारी ऑफिसात युनिक्सचं मशीन, म्हणजे आठही स्क्रीन ज्याला जोडलेले होते तो एकच मोठा कॉम्प्युटर, सांभाळायचा. कामात बुडाला की भरलेला डबा तसाच घरी न्यायचा आणि बायकोची बोलणी खायचा. म्हणून त्याने मशीनलाच ही आठवण करून द्यायला लावलं होतं. सोबत आम्हीही जेवायचो. तो हार्टफेलने गेला, पण मशीनला ते कोणी सांगितलं नाही.

त्याच्या जागी अनुकंपा नियुक्तीवर त्याची बायको लता आली. बारावी पास, कीबोर्डला कधी हात न लावलेली. चार्ज घेताना तिने यादीवर सही केली: खुर्ची एक, टेबल एक, कपाटाच्या किल्ल्या दोन, वही एक. वहीत अंबादासच्या अक्षरात कमांड होत्या आणि त्याचा पासवर्ड होता. खुर्ची आपली तसा लॉगिनही आपलाच, असं तिने धरलं. रोज दहाला ती त्याच्या नावाने आत शिरायची आणि वहीत बोट ठेवून एकेक कमांड शिकायची.

आम्हाला हे कुठून ठाऊक असणार? एका सकाळी मी सहज ‘हू’ ही कमांड दिली. या घडीला मशीनवर कोण कोण आहे, ते ती सांगते. यादीत पहिलंच नाव अंबादास, वेळ दहा वाजून पाच मिनिटं. मी हाका मारून सगळ्यांना ते दाखवलं. चपराशी डोमाजी हात जोडून म्हणाला, “रामटेके बाबू ड्यूटी पे हैं जी.” मी तडक आमच्या ऑफिसप्रमुखांकडे, श्रीरंगसाहेबांकडे, तक्रार केली. त्याची मला आजही लाज वाटते.

साहेबांना दोन मिनिटांत उलगडा झाला. ते लतावर कडाडले, “मेलेल्या माणसाच्या नावानं काम? शुक्रवारपर्यंत त्याचं खातं काढून टाका, स्वतःचं उघडा. जमत नसेल तर डिस्पॅचला टपालावर शिक्के मारत बसा.”

लता माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. “विनीताताई, माझ्याच हातानं त्याईचं नाव पुसू का?” मी फाईल उलटीसुलटी करत बसले. आग लावून नामानिराळी राहणारी बाई मी.

शुक्रवारी सकाळी तिने त्याचं नाव काढून टाकलं. फाईली पुसायचा धीर मात्र झाला नाही. त्या तशाच राहिल्या, फक्त मालकाच्या नावाच्या जागी मशीनने त्याच्या खात्याला दिलेला नुसता नंबर उरला: दोनशे चौदा.

एक वाजला. स्क्रीनवर काही आलं नाही. भूत गेलं म्हणून मला हायसं वाटायला हवं होतं. पण आठही माणसं मान वर करून बसली होती, आणि डबा कोणी उघडेना.

“आज एक नहीं बजा क्या?” डोमाजीने हळूच विचारलं.

तीन वाजता लताने स्वतःचं खातं उघडलं. मशीनने मोकळा नंबर शोधून दिला, तोही दोनशे चौदाच. त्या क्षणी अंबादासच्या सगळ्या फाईलींपुढे मालक म्हणून लताचं नाव उमटलं. मशीननेही अनुकंपा नियुक्ती दिली म्हणायची! ती कितीतरी वेळ ते नाव पाहत राहिली.

मग तिने मला बोलावलं. मशीनला ठरल्या वेळी करायची कामं लिहून देतात, ती यादी तिने शोधून काढली होती. एक वाजताची ओळ आम्हाला ठाऊक होती. खाली आणखी एक होती, सव्वापाचची, फक्त अंबादासच्या स्क्रीनवर येणारी. घरी गढ्याला जाणारा टेम्पो चुकू नये म्हणून लता रोज पाचला निघायची, त्यामुळे ती तिला कधी दिसलीच नव्हती.

दोन्ही ओळी तिने आपल्या खात्यात उतरवल्या. दुसरीत फक्त, कोणाच्या स्क्रीनवर ते सांगायचं तिथे, अंबादासच्या जागी लता लिहिलं. मजकुराला हात लावला नाही.

त्या दिवशी ती पाचला उठली नाही. मीही थांबले. सव्वापाचला तिच्या स्क्रीनवर ओळ आली: ‘घरी जा. लता वाट पाहून राहिली.’

गढ्याच्या तिच्या दोन खोल्यांत आता दुसरं कोणी नव्हतं. मी तिचा हात धरून म्हटलं, “आज माझ्याकडे चल.”

तिने डोळे पुसले, मशीनमधून लॉगआउट केलं आणि पर्स उचलली. “नाही ताई. घरी लता वाट पाहून राहिली ना.”