आत्याची जंगलातली माघार

माझी आत्या कवळ्या बनवायची. सगळी हयात तिने त्यात घालवली. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवायचे, आत्या दात घडवायची आणि त्यांना असा रंग द्यायची की माणूस खदखदून हसला तरी कुणाला शंका येऊ नये. मग ती काम करायची त्या लॅबमध्ये मशीन आलं. मशीन थकत नाही आणि वाद घालत नाही. आत्याही थकत नसे, पण वाद मात्र रोज घालायची. तिला घरी बसवलं.

घरी बसून तिने सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. लावलेली कपाटं उपसायची, उपसलेली लावायची. शेवटी माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, हात जोडून म्हणाले, "ताई, माझे सैनिक रंगवून देतेस का?"

बाबा लिफ्टचे मेकॅनिक. पण रविवारी दुपारी ते सेनापती असतात. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत, दोन जुनी दारं जोडून केलेल्या टेबलावर, ते इतिहासातल्या लढाया खेळतात. बोटाच्या पेराएवढे सैनिक, अंतर मोजायला टेप आणि नशीब ठरवायला फासे. पंच म्हणजे दुकानाचे मालक, चष्मेवाले काका.

तेव्हा महायुद्धातल्या जंगलातल्या लढाईची तयारी चालली होती. आत्याने सैनिकांच्या चेहऱ्यांवर घाम दिसेल असा रंग दिला. मग तिची नजर बाबांनी केलेल्या झाडांवर गेली.

"ही झाडं आहेत की भांडी घासायच्या घासण्या?"

आणि तिने जंगलच हाती घेतलं. साच्याच्या प्लास्टरचे डोंगर, वाळलेल्या मुळांचे बुंधे, दोऱ्याच्या वेली, झाडूच्या काड्यांचं बांबूचं बन. मधून एकच पूल असलेली गढूळ नदी. तिच्यावर वार्निश इतकं अचूक चढलं होतं की काकांनी बोट ओलं होतंय का ते बघितलं.

खेळ सुरू झाला, पण आत्याला स्वस्थ बसवेना. बाबांनी तोफ ठेवायला एक झाड सरकवलं, तशी ती कडाडली, "जंगल काय तुझ्या सोयीने उगवतं का रे? दे ते फासे. मीच खेळते."

बाबांना हसू फुटलं. "बस की. माघार घेणारी बाजू तुझी."

तिची तुकडी जंगलात अडकली होती. तिला दमलेले शिपाई, खेचरं आणि स्ट्रेचरवरचे जखमी घेऊन नदीपलीकडे जायचं होतं. बाबांचं सैन्य मागावर. जंगलात शत्रू दिसत नाही, म्हणून टेबलावर सैनिकांऐवजी आधी चकत्या ठेवायच्या. काही चकत्यांमागे खरी माणसं, काही नुसत्याच फसव्या. कुठली खरी ते फक्त खेळणाऱ्याला आणि काकांना ठाऊक.

एक लढाई कित्येक रविवार चालते; पहिले काही रविवार आत्याने मार खाल्ला. स्ट्रेचरमुळे तिची चाल गोगलगायीची झाली होती.

"जखमी सोड ताई," बाबा म्हणाले. "नियमात बसतं. मोकळी पळशील."

"तू सोडशील. मी माणसं टाकून जात नाही."

"अगं, शिशाची आहेत ती!"

"रंगवली मी आहेत."

शेवटचा रविवार उजाडला. मी माझं औषधांचं दुकान बंद करून पोचले तेव्हा टेबलाभोवती कुणी धड बसलेलं नव्हतं. स्ट्रेचर घेऊन जायचं तर पुलाशिवाय रस्ता नाही, हे ओळखून बाबांनी सगळं बळ पुलापाशी लावलं होतं. आत्याच्या बऱ्याच चकत्या पुलाकडे सरकत होत्या. दोन मात्र बांबूच्या बनात नुसत्या बसून होत्या.

"ताई, त्या दोघी झोपल्या वाटतं," बाबा म्हणाले.

आत्याने पुलाकडची आणखी एक चकती पुढे सरकवली. काका मात्र खोकल्याचं निमित्त करून पाठमोरे झाले.

पुढच्या पाळीला बाबांनी पुलाजवळच्या चकत्या उलटवल्या. पहिली फसवी. दुसरी फसवी. तिसरीही! बाबांचा चेहरा उतरला. आत्याने बनातल्या चकत्या उचलल्या आणि तिथे मांडली खेचरं, जखमी आणि बांबू तोडणारे शिपाई. सोबत काड्यांचे इवलेसे तराफे.

"तराफे?" बाबा ओरडले. "काका, हे चालतं?"

"दोन पाळ्या बांबू तोडला की चालतं. तिने मला सांगून तोडलाय."

मग जी धुमश्चक्री झाली! बाबांनी पुलावरची फौज धावत आणली, तर वाटेत आत्याच्याच वेलींचं दाट रान. पाऊल पुढे पडेना. पहिला तराफा पार. दुसरा मध्यावर असताना बाबांची मशीनगन पोचली. काठ राखायला आत्याकडे एक हवालदार आणि मूठभर शिपाई उरले होते. बाबांनी फासे टाकले, शिपाई पडले. हवालदार टिकला. पुन्हा टाकले, टिकला. खुर्ची पडली, कुणी उचलली नाही. आत्या टेबलाची कड घट्ट धरून पुटपुटत होती, "धीर धर रे राजा, धीर धर."

तिसऱ्यांदा हवालदार पडला. पण तोवर शेवटचं स्ट्रेचर पलीकडच्या वाळूला लागलं होतं.

"सगळे जखमी पार!" काका ओरडले, इतक्या मोठ्याने की पुढे दुकानात आलेलं गिऱ्हाईक दचकून आत डोकावलं. आत्याने त्या अनोळखी बाईचेच दोन्ही हात धरले आणि गदागदा हलवले. "पोचले हो! सगळे पोचले!"

बाई बिचारी म्हणाली, "अभिनंदन. घरचेच का?"

"घरचेच," आत्या म्हणाली.

बाबांनी नदीपलीकडची स्ट्रेचरं एकदा मोजून बघितली. मग त्यांनी पडलेली खुर्ची उभी करून आत्याला तिच्यावर बसवलं. "पुढच्या खेपेला मी माघार घेणार. तू पाठलाग कर. बघतो कशी पकडतेस."

आत्याने पाठलाग केला, आणि पकडलंही. बाबा दोन दिवस जेवताना ताटातल्या भातावर चाली मांडत होते. आता इतर गावांहून खेळणारे तिच्याकडे जंगलं करून मागतात. ती देते, पण अट एकच: पहिली लढाई तिच्याशी खेळायची.