जोडी नसलेली गवंडीण

नाशिकहून निघालेली एसटी जव्हारच्या वळणांना लागली तेव्हाच मला घरी परतावंसं वाटू लागलं. रस्त्याचा दोष नव्हता. दोन्ही बाजूंना साग, मधूनच उतारावर कापलेल्या भाताची खाचरं, सगळं छान होतं. दोष माझ्या मावसभावाचा. शरद सरकारी बांधकाम खात्यात साहेब आहे, आणि "ताई, तू प्रवासवर्णनं लिहितेस ना, मग एकदा आमचं काम बघ," असा त्याने वर्षभर धोशा लावला होता.

काम म्हणजे बोईसरजवळ सालवडला उभं राहणारं नोकरदार बायकांचं वसतिगृह. त्याच्या कंत्राटात एक खास अट होती: भिंती बांधणाऱ्या गवंड्यांत बायकाही असल्याच पाहिजेत. सरकार पैसा खर्च करणारच आहे, तर त्यातून बायकांच्या हाती कसब आणि कसबाची मजुरी पडावी, ही त्यामागची कल्पना. कल्पना मला फार आवडली. सरकारी कल्पना मला नेहमीच आवडतात. त्या अमलात आलेल्या बघायला जाऊ नये, हे पथ्य मी इतकी वर्षं पाळत आले होते.

पालघरला शरद जीप घेऊन उभाच होता. तिथून बोईसर. हे गाव डोळ्यांआधी नाकाला भेटतं. कारखान्यांचा आंबूस वास, टपऱ्यांवर पाळी संपवून आलेल्या कामगारांची हिंदी, आणि चहा मात्र झकास. मला तो निवांत पिऊ द्यायला शरदला वेळ नव्हता. मुंबईहून मोठे साहेब येणार होते.

वसतिगृहाच्या कामावर मांडव घातला होता. दहा-बारा बायका एका रांगेत उभ्या होत्या. डोक्यावर पिवळी हेल्मेटं, त्यांवरच्या किमतीच्या चिठ्ठ्याही निघालेल्या नव्हत्या. हळदीकुंकवाचं वाण वाटावं तशा त्यांच्या हातात नव्याकोऱ्या थाप्या वाटल्या होत्या. मोठे साहेब आले, फोटो निघाले, "या भगिनी नुसत्या भिंती नाहीत, भविष्य बांधत आहेत" वगैरे झालं आणि मंडळी पोह्यांकडे वळली.

एक बाई तेवढी वळली नाही. रांग मोडल्याबरोबर तिने दोरी ताणली, सिमेंटचा माल पसरला आणि अर्धवट भिंतीवर विटांचा नवा थर चढवायला घेतला. जवळून बघावं म्हणून मी पुढे झाले आणि माझा पाय चपलेसकट ओल्या काँक्रीटमध्ये घोट्यापर्यंत गेला. तिनेच मला ओढून काढलं.

"थांबा बाई, चप्पल तिथंच ऱ्हायली," ती हसून म्हणाली.

तिचं नाव बुधी. विक्रमगडकडच्या पाड्यावरची. शेती पावसावरची, म्हणून नवरा मासेमारीच्या बोटीवर खलाशी, आणि ही सालवडला नणंदेबरोबर खोली घेऊन राहते. गवंडीकाम तिला सरकारनेच शिकवलं होतं, सरकारी वर्गात.

"मग इथे रोज असतेस?"

"नाय. आज साहेब येनार म्हनून बोलावली. बाकीच्यांना थापी धरता येत नाय ना."

"आणि रोज का नाही घेत?"

"मना जोडी नाय."

जोडीचा अर्थ मला कामावरच्या मुकादमाने सांगितला, आणि तोही अभिमानाने. या भागात बांधकामावर माणूस घेतच नाहीत, जोडी घेतात. नवरा-बायको मिळून एक. नवऱ्याच्या हाती थापी, बायकोच्या डोक्यावर घमेलं. जोडी गवंड्याची म्हटली की बायकोही गवंड्यांत धरली जाते, आणि सरकारची अट घमेलं वाहता वाहता पुरी होते. या युक्तीला मी मनोमन कोपरापासून नमस्कार केला.

साहेबांच्या गाड्या फाटकाबाहेर पडल्या आणि थाप्या परत गोळा झाल्या. मग एक मिस्त्री आला. त्याने बुधीचा थर पाहिला. "औरत के काम पे हम आगे का काम नहीं चढ़ाएगा," म्हणाला. मुकादमाने मान हलवली, आणि दोघांनी मिळून तो ओला थर वीट-वीट करून उतरवला. सरळ रेषेत बसलेला, माझ्यासारखीलाही दिसावा इतका नेटका थर. बुधी बघत उभी होती. मला मात्र इतका संताप आला की रडूच फुटलं.

जीपमध्ये मी शरदला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "अगं ताई, अट पाळली गेलीये. जोडीत बाई असतेच की!"

मी त्याच्या बंगल्यावर उतरायचं नाकारलं आणि तारापूरजवळ किनाऱ्यावर, पाहुण्यांना खोली देणाऱ्या जनाबाई नावाच्या बाईंच्या घरी मुक्काम केला. मच्छीमार घर, दारात वलांडी (बोंबील टांगून वाळवायचा बांबूचा मांडव), जेवायला तांदळाची भाकरी आणि मांदेलीचं कालवण. पण चव लागेना. बुधी निघताना म्हणाली होती, "उद्या ननंदेला घेऊन येते. झाली ना जोडी?"

सकाळी रिक्षा करून मी पुन्हा सालवडला गेले. बुधी आणि तिची नणंद सुकरी फाटकात उभ्या होत्या. बुधीने स्वतःची, जुनी थापी आणली होती.

"आमी जोडी हाव," ती म्हणाली. "मी गवंडी, ही घमेला उचलील."

मुकादम पोट धरून हसला. "दोन बायकांची जोडी होत नाय गं! नवरा आन, मंग बोलू."

"नवरा आनला तर थापी मना देशील?"

"तुला कशाला? नवऱ्याला देईन."

बुधीच्या नवऱ्याने जन्मात वीट हातात धरली नव्हती. ते तिने सांगून पाहिलं. मुकादमाला त्याने काही फरक पडत नव्हता.

मी दोघींना रिक्षात बसवलं. काय करायचं ते ठाऊक नव्हतं. निदान माझ्याबरोबर जेवतील, एवढंच. जनाबाईंनी पानं वाढता वाढता सगळी हकीकत काढून घेतली. जेवणं झाल्यावर त्यांनी बुधीला मागच्या दारी नेलं. तिथे घर दुरुस्तीतून उरलेल्या विटा पडल्या होत्या. "लाव चार," म्हणाल्या. बुधीने लावल्या. जनाबाईंनी वाकून एका डोळ्याने पाहिलं, मग शेजारच्या दोघी-तिघींना हाका मारल्या. जवळा वाळवायला त्यांना कधीपासून पक्का ओटा हवा होता. वाळूत वाळवला की जवळ्यात कचकच येते आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. "उद्यापासून ये," त्या म्हणाल्या. नवऱ्याचं नाव कोणी विचारलं नाही.

मी त्यांना कंत्राटातली ती सुंदर अट समजावून सांगितली. जनाबाई म्हणाल्या, "बाई, मासली घेताना आमी कल्ले उघडून बघतो. लाल हाय का काला. तुमचा सरकार नुसता फोटू बघून घेतो काय?"

पूर्ण दोन दिवस मी तिथेच राहिले, ओट्याचा पाया भरला जाताना बघत. शेवटच्या दिवशी निघाले तेव्हा पहिला थर दोन्ही टोकांना भिडला होता आणि सुकरी विटा झेलायला शिकली होती. वसतिगृहाची भिंतही वर चढत असणार. तिचं उद्घाटन होईल, कोनशिला बसेल, आणि बायकांसाठी बांधलेल्या त्या घरात बाईने लावलेली एक वीटही नसेल. जी होती ती काढून टाकताना मी पाहिली आहे.

पालघरला परतीच्या एसटीत बसले आणि रागारागाने शरदला फोन लावून सगळं ऐकवलं. वाटलं, थोडा तरी वरमेल. तो आनंदाने ओरडलाच.

"अगं, मग तो ओटा आमच्या अहवालात घालतो! प्रशिक्षित महिलेला रोजगार मिळाला की! ताई, त्या बाईचा थापी धरलेला एक फोटो पाठवशील?"

"नाही," मी म्हटलं. "ती कामात आहे."