देवासाठी नवी चाल

शेजारच्या गणपतीच्या मंडपात गाणं लागलं, की आमच्या खिडकीची तावदानं सगळ्यांच्या आधी नाचायला लागतात आणि मला पोलादपूरच्या डोंगरातली आमची वाडी आठवते. तिथे गणपतीत जाखडीचा नाच व्हायचा आणि त्याची गाणी आमचे थोरले काका रचायचे; सगळी वाडी त्यांना बुवा म्हणायची. रीत अशी, की मुंबईची पोरं त्या वर्षाचं गाजलेलं सिनेमाचं गाणं कॅसेटवर आणायची, बुवा म्हशी धूत ते ऐकायचे आणि संध्याकाळपर्यंत नायिकेला हाकलून त्याच चालीवर गणरायाला बसवायचे! दोन हजार सालानंतर एकदा पोरांनी सीडी आणली. ओल्या गवताच्या वासानं भरलेल्या पडवीत बुवांनी ती पुन्हा पुन्हा ऐकली. “बुवा, मुंबयला हेच चालतंय,” एक पोरगा म्हणाला. “चालतंय रे, पण गातंय कुठं? नुसता ठोका हाय. शबुद ठेवू कशावर?” “मग गेल्या सालचंच म्हणा की!” काकी आतून ओरडली. “देवाला शिळं वाढू काय गो?” सगळे खो खो हसले. बुवा हसले नाहीत. त्यांनी पुन्हा गुणगुणून पाहिलं, मधेच अडले आणि नाचाच्या सरावासाठी पायात बांधलेले घुंगरू सोडून भिंतीला टेकून बसले. “लावा रे तुमचं. देवापुढं नाच तरी होऊ दे.” त्या संध्याकाळी पोरं बेभान नाचली. पुढच्या वर्षी बुवांना ऐकवायला कुणी गाणं आणलंच नाही. आता नवं गाणं कानावर पडलं, की त्यात गणरायाचं नाव कुठे बसेल ते मीच शोधत राहतो. अजून जागा सापडलेली नाही.