सुईबाई आणि बिनदाराचं घर

सुईबाई डोंगर चढताना शिव्या देत. आधी डोंगराला, मग स्वतःच्या गुडघ्यांना, मग ज्यानं एवढ्या वर घर बांधलं त्याच्या सात पिढ्यांना, आणि दम उरलाच तर आम्हाला. पहिल्याच वर्षी आमच्या बबननं त्यांना विचारलं, "सिस्टर, एवढा तरास होतो तर येता कशाला?" बबन विमा विकतो, त्यामुळे कुठं गप्प बसावं हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. त्यावर त्याला जे ऐकावं लागलं ते मी लिहीत नाही. मी मास्तर आहे, माझ्या शाळेतली मुलं कधीतरी हे वाचतील. पण सलग तीन वर्षं, दर दिवाळीच्या सुटीत, धावड्याच्या वरच्या डोंगरात सुईबाई आमच्या पुढेच असत. मागे राहून शिव्या देणं त्यांना कमीपणाचं वाटत असावं.

त्या सरकारी नर्स. नाव वेगळं होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. पांढरी साडी, खांद्याला बर्फाचा निळा डबा, आणि चाल अशी की गल्लीच्या टोकाला दिसल्या की अर्ध्या मिनिटात दारात. नोकरीची सुरुवात त्यांनी आमच्या टेंभुर्णीत केली. त्या आल्या की पोरं पसार होत. मी एकदा धान्याच्या कणगीत लपलो होतो. त्यांनी पाय धरून मला बाहेर ओढलं, ज्वारीसकट, आणि दंडात सुई टोचून आईला म्हणाल्या, "कणगीत एक तर उंदीर असतात न्हाईतर टेंभुर्णीची पोरं. दोन्हीला औषध लागतं." पुढे त्यांची बदली धावड्याकडे झाली, आणखी चार ठिकाणी झाली, आणि निवृत्त झाल्यावर त्या टेंभुर्णीतच घर बांधून राहिल्या. मी तोवर मास्तर झालो होतो, तरी रस्त्यात दिसल्या की माझा हात आपोआप दंडाकडे जाई.

आमचा सात जणांचा एक फिरस्ता गट आहे. कुणाचं पोट सुटलंय, कुणाची साखर वाढलीय, अशी सगळी होतकरू मंडळी. एका दसऱ्याला ठरलं, डोंगरातल्या जुन्या वस्त्या शोधायच्या. पूर्वी धावड्याच्या वर माथ्यापर्यंत एकेक दोन-दोन घरं होती. रस्ता, वीज, शाळा सगळं खाली, म्हणून माणसं एकेक करून उतरली आणि घरं तिथंच मातीत गेली. आता टेंभुर्णीत वाट कुणालाच ठाऊक नव्हती. त्या वस्त्यांवर पायी फिरलेलं एकच माणूस गावात होतं. आम्ही गेलो तेव्हा सुईबाई तूर निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि सूप बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारला, "टोकाच्या वस्तीपत्तोर जानार का?" ही टोकाची वस्ती कुठं आहे हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. आम्ही म्हणालो, "जाऊ की!" त्या म्हणाल्या, "मंग मी येते." आम्हाला वाटलं, म्हातारीला हौस आहे.

घर शोधायची त्यांची रीत ऐकली तर पुरातत्त्वाची माणसं नोकरी सोडतील. आम्ही भिंती शोधायचो, कोरीव दगड शोधायचो. त्या उकिरडा शोधायच्या. "उकिरडा गावला की घर गावलं. मानूस घर सोडून जातं, उकिरडा कुटं जातो?" दिवाळीच्या सुमारास डोंगरावरचं गवत पिवळं पडायला लागतं, कुसळं मोज्यांतून आत शिरून पायांचं भरीत करतात. अशा पिवळ्यात एखादाच पट्टा हिरवागार, कमरेइतका उंच दिसला की सुईबाई काठी रोखून म्हणायच्या, "हे बघा. शंभर वर्साचं शेन हाय खाली." तिथून दहा-पंधरा पावलांवर हटकून जोतं निघे, चुलीचे तीन दगड निघत, कातळात खोदलेलं उखळ निघे.

एकदा बबनला एक गोल दगडी बांधकाम सापडलं. त्यानं ते यादवकालीन ठरवलं, चार बाजूंनी फोटो काढले आणि आम्ही पोचायच्या आत गटावर टाकूनही दिले. सुईबाई आल्या, भोवती फिरल्या, आणि म्हणाल्या, "नामदेवचा शेळ्यांचा कोंडवाडा हाय ह्यो. माझ्यासमोर बांधला त्यानं. दगडं रचताना बोट चेंगरलं, म्याच पट्टी केल्ती." बबननं फोटो काही काढून टाकले नाहीत. अजूनही त्याच्याकडे कुणी यादवांचा विषय काढला की तो नामदेवचा कोंडवाडा दाखवतो.

प्रत्येक घराची ओळख त्यांना बाळंतपणांवरून. हे पायाळू पोराचं घर, हे जुळ्यांचं, इथं नवरा कळा ऐकून झाडावर चढून बसला तो बारसं करायलाच खाली उतरला. एका जोत्याशी त्या जरा जास्तच हसल्या. "हितल्या सासूनं मला पहिल्या टायमाला पानी वरून वाढलं व्हतं. माझी जात इचारून. मंग सून अडली तवा धावत खाली बोलवाया आली, आन् माझ्याच तांब्यातलं पानी घटाघटा पेली. कळा लागल्या की जात कुनाला आठवत न्हाई. बाळंत झाल्यावर आठवती परत, पर थोडी कमी." एवढं बोलून त्यांनी त्या चुलीच्या दगडांवरच भाकरी सोडली आणि आम्हाला ठेचा वाढला.

तिसऱ्या वर्षी एका शनिवारी टोकाची वस्ती सापडली. डोंगराच्या अगदी सोंडेवर, पुढं सरळ कडा. सीताफळाची सात-आठ झाडं फळांनी लगडलेली होती, मध्ये एक लिंब, आणि उताराला तो हिरवा पट्टा. आम्ही ओरडलो. सुईबाई ओरडल्या नाहीत. शिवीसुद्धा दिली नाही, तेव्हाच मला धसका बसायला हवा होता. त्या जोत्यावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "ह्या घरासाठी येत व्हते मी तुमच्यासंगं. तुमच्या इतिहासाशी मला काय करायचंय?"

मग त्यांनी सांगितलं. दसऱ्याच्या आधीचा आठवडा होता. खालची सगळी घरं झाली होती, हे एकच राहिलं होतं. घरात तीन महिन्यांची मुलगी, तिचा पोलिओचा डोस द्यायचा होता. "नवी चप्पल चावल्ती. एवढंच कारन. दुसरं काय बी न्हाई. खालच्या वस्तीवर च्या पेले, रजिस्टर काढलं आन् लिव्हलं, 'घर बंद.' म्हन्लं पुढच्या महिन्यात जाऊ. पुढच्या महिन्यात बदलीचा कागद आला." त्यांनी जोत्यावरून हात फिरवला. "कुडाचं घर व्हतं. त्याला दारच नव्हतं. बिनदाराच्या घराला मी बंद लिव्हलं. त्याच हिवाळ्यात ह्या पट्ट्यात दोन लेकरांचे पाय गेले असं कानावर आलं. कुनाची ते मी इचारलं न्हाई. भ्याले."

 मी माझ्या बुटांतली कुसळं मन लावून काढत होतो. तेवढ्यात वरून आवाज आला, "कोन हाय रं झाडाखाली? बापाची सीताफळं हाईत का?" बबनच्या तोंडात नेमकं सीताफळ होतं. त्यानं बिया गिळल्या. पस्तिशीची एक बाई डोक्यावर पाटी घेऊन, उतारावरून धावत आमच्या अंगावर आली. "माझ्या बापानं लावल्यात ही झाडं. दर साली मी येते उतरवायला. खायची तर इचारून खावा!"

सुईबाई तिच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. त्या तिच्या पायांकडे बघत होत्या.

"कोनाची गं तू?"

"धावड्याच्या कौसाबाईची. रुक्मिन. तुम्ही कोन?"

"कौसाबाईची थोरली का धाकटी?"

"लेक मी एकलीच. मागं दोघं भाऊ."

"चालून दाखव."

"आं?"

"हितून त्या लिंबापत्तोर चाल. मंग परत ये."

रुक्मिणनं पाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवले. "मावशी, माझी लेक दहावीला गेली. बघायला पाव्हने आल्ते तवा चालून दाखवलं तेवढं बास झालं. आता पुन्हा काऊन?" पण सुईबाईंचा चेहरा बघून तिला काय वाटलं कोण जाणे. ती गेली. लिंबापर्यंत, अनवाणी, कुसळांतून, सरळ आणि झपझप. परत आली. सुईबाई रडल्या. पदर तोंडाला लावून मुळूमुळू नव्हे, मोठ्यानं, नाक ओढत, लहान पोरासारख्या. मग डोळे पुसून त्यांनी तिला सगळं सांगितलं, चपलेसकट.

रुक्मिण हसायलाच लागली. "आमच्या घराला दार कुटं व्हतं बंद लिव्हायला? आन् तुम्ही आल्या आस्त्या तरी काय गावलो नस्तो. माय सांगती ना, पांढरं लुगडं खालून दिसलं की ती मला घेऊन त्या कपारीत दडायची."

आम्हाला सगळ्यांना हायसं वाटलं. बबन म्हणाला, "झालं की, सिस्टर! बिलकुल मिटलं!"

"गप रं," सुईबाई म्हणाल्या. "कपारीतून किती लेकरं वढून काढलीत म्या, तुला काय ठावं. मी आले न्हाई ते आले न्हाई. ही पोर तिच्या नशिबानं चालती, माझ्या डोसानं न्हाई." आणि त्याच दमात रुक्मिणकडे वळल्या. "तुझ्या लेकरांचे डोस बराबर झाले का?"

"थोरलीचे समदे झाले. धाकट्याचा पाच वर्साचा राह्यलाय. जाऊ जाऊ म्हन्ता दिवाळी आली."

"लसीचा दिवस कोनता?"

"मंगळवार."

सुईबाई उठल्या. भाकरी सोडलेलीच नव्हती, ती आमच्या हातात दिली. "चल जल्दी," रुक्मिणला म्हणाल्या आणि डोंगर उतरायला लागल्या. आम्हाला वाटलं, पत्ता विचारून घेतील, निरोप ठेवतील. त्या मंगळवारपर्यंत रुक्मिणच्या घरी राहिल्या. तीन रात्री, परक्याच्या घरी, एक लुगडं नेसून. कौसाबाईशी त्यांचं भांडणही झालं म्हणे, कपारीवरून. मंगळवारी दुपारी मला फोन आला, "दिला. लई रडला. गळा मोकळा हाय पोराचा."

पुढच्या दिवाळीला आम्ही बोलवायला गेलो तर म्हणाल्या, "आता मी कशाला? मला काय डोंगराची हौस व्हती? गुडघे कवाच गेलेत माझे. तुम्ही जा, दगडं बघा." आम्ही गेलो. एकही उकिरडा ओळखता आला नाही. एक देऊळ सापडलं, ते मागच्याच वर्षी बांधलेलं होतं.

त्याच दिवाळीत मी एकटा त्यांच्याकडे गेलो. मलाही एक सांगायचं होतं, दोन महिने मनात डाचणारं. आम्हा मास्तरांना शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण असतं, दारोदार जाऊन विचारायचं. शिवारात ओढ्यापलीकडे एक घर आहे. डोंगरावर त्यांचं ते सगळं ऐकूनही, त्याच वर्षीच्या भाद्रपदात मी पारावर बसून त्या घरापुढं 'घर बंद' लिहिलं होतं. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं आणि माझी पँट नवी होती. मला वाटलं होतं, त्या तरी समजून घेतील. म्हणतील, होतं रे पोरा.

"मला काऊन सांगून राह्यला?" त्या म्हणाल्या. "मी काय देवी हाय? त्या घरी जा."

गेलो. दाराला कुलूप. शेजारच्या शेतातल्या माणसानं सांगितलं, नवरा-बायको ऊसतोडीला गेले, घनसावंगीकडे, दोन्ही लेकरं बरोबर घेऊन. खोटं कशाला बोलू, मला थोडं बरंच वाटलं. परत येऊन म्हणालो, "सिस्टर, घर खरंच बंद आहे."

लहानपणी सुई टोचायच्या आधी बघायच्या तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू लिव्हलं तवा बंद व्हतं का?"

"नाही."

"मंग? घनसावंगीच्या जीपा बंद पडल्या का?"

दुसऱ्या दिवशी मी जालन्याला उतरून घनसावंगीच्या जीपमध्ये बसलो. दोन दिवस उसाच्या फडाफडांतून टोळ्या विचारत हिंडलो. उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या ढिगावर ती दोघं बसलेली सापडली, आठ वर्षांची बहीण आणि सहाचा भाऊ. आईबापाशी हुज्जत घातली, जवळच्या शाळेतल्या मास्तरांचे पाय धरले, हंगामापुरती तिथं दोघांची सोय लावली. संध्याकाळी बांधावर उभं राहून सुईबाईंना फोन केला. "सापडली," एवढंच मला म्हणता आलं.

"दोघं बी?"

"हो."

"मंग रडतो कशाला? नावं लिव्ह त्यांची. आन् पायाखाली बघून चाल, उसात साप आस्तेत."

शाबासकी नाही, झालं-गेलं विसर नाही. पुढेही त्यांनी तो विषय कधी काढला नाही, आणि 'जाऊ दे' असंही कधी म्हणाल्या नाहीत. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. खांदा देताना बबन माझ्या शेजारी हमसून हमसून रडत होता, त्याला त्यांच्या शिव्या आठवत होत्या. मला आठवत होतं ते एवढंच, की त्यांनी मला माफ केलं नाही. स्वतःला केलं नाही, तसंच मलाही नाही. आणि मला रडू त्याचंच येत होतं, कारण आता असं माफ न करणारं माझं कुणी उरलं नव्हतं.