चहाचे बिल कोणाचे?

सनीव्हेलहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गाडीत कुणी अवाक्षर काढले नाही. गाडी चालवत होता माझा भाऊ सुधीर. मागे माझ्याशेजारी त्याचा जिवलग मित्र जयंत तोंड फुगवून बसला होता. एकाच विमानातून अमेरिकेत उतरलेले हे दोघे उन्हाळाभर बोलत नव्हते. कारण गणपती! चतुर्थीलाच बसवायचा, की सोयीचा शनिवार बघून? बोटांवर मोजण्याइतकी मराठी घरे, आणि यंदा त्यांत दोन गणपती बसणार. मी सांगलीहून चार दिवस आलेली पाहुणी. माझा जीव तुटत होता.

चहाला जायचा हा घाट घातला पुढच्या सीटवर बसलेले सुधीरचे चिनी शेजारी, निवृत्त शिक्षक लिन यांनी. वडीलधाऱ्या माणसाला नाही कोण म्हणणार?

चायनाटाउनमधल्या चहाघरात डिम सम (वाफवलेल्या इवल्या करंज्या) आले. शाकाहारी कोणते, हे विचारण्यात माझे दोन गार झाले.

लिन इंग्रजीत सांगू लागले, “माझे आजोबा चीनमध्ये बादशहाच्या नोकरीची परीक्षा पास झालेले. सरकारी हुद्दा नव्हता, पण गावचा पूल, शाळा, दुष्काळाचे कोठार त्यांच्याच भरवशावर. अधिकारी परप्रांतातून यायचा, बदलून जायचा. भांडणे आजोबांकडे. चहाघरात दोघांनी सगळ्यांदेखत बाजू मांडायची. चूक ज्याची, त्याने सगळ्यांचा चहा पाजायचा.”

मला हे फार आवडले. बादशहा म्हटले की मला फक्त राजवाडे दिसत. गाव असे कुणीतरी सांभाळत असते, हे ध्यानातच आले नव्हते.

भांडण इंग्रजीत सुरू झाले आणि लगेच मराठीवर आले.

“वीकडेला पोरांना शाळा असते यार. मुलंच नाहीत, तर आरती कुणासाठी?” सुधीर म्हणाला.

“मग दिवाळीपण पोस्टपोन कर ना!” जयंत उसळला.

लिन निकाल देईनात. नुसता चहा मागवत राहिले. बोलून बोलून दोघे दमले. बिल आले, तसे दोघांनी त्यावर एकदम झडप घातली.

“जयंता, सोड. मी देतो.”

“तू ड्राइव्ह केलंस ना? आज मी.”

आणि दोघांना एकदम नियम आठवला. बिलाचे एकेक टोक धरून ते एकमेकांकडे बघत राहिले. सोडले मात्र कुणीच नाही. जयंतचे डोळे भरून आले, माझेही.

“दोघांनीही कबूल केले,” लिन हसून म्हणाले. “आजोबांनाही असा खटला मिळाला नव्हता.”

आपल्याकडे बिलासाठी ओढाताण होतेच. तिने इथे असे काम केले. पण त्या दोघांना एका टेबलाशी बसवायला कुणीतरी वडील माणूस लागला, हे मी सांगलीला परतताना गाठीशी बांधून नेले.

त्या संध्याकाळी परतीच्या वाटेवर लिन मागे माझ्याशेजारी बसले. पुढची जागा जयंतने मागून घेतली होती, आणि मूर्ती कुठे ठेवायची यावरून दोघे पुन्हा जोरजोरात भांडत होते. मूर्ती मात्र एकच होती.